डब्यातली पावडर आणि पायांची आग

मधुमेहाचा रुग्ण समोर बसलेला असतो तेव्हा आहाराबद्दल मी जे सांगते ते तो बहुधा मान डोलावत ऐकतो. पोळ्या किती, भात किती, फळ कधी, हे त्याने आधीच कुठेतरी ऐकलेलं असतं. त्याचा खरा प्रश्न येतो तो फाईल बंद करून उठताना. खुर्ची मागे सरकते, मोबाईल पुढे होतो आणि आवाज जरा खाली येतो. "मॅडम, हे घेतलं तर चालेल का?" पडद्यावर एखाद्या पावडरीचा डबा असतो. त्यावर हळदीचा अर्क, आवळा, अल्फा लिपोइक ॲसिड, बेनफोटियामिन, स्पिरुलिना अशी नावं असतात. पुतण्याने पाठवलेलं असतं, नाहीतर डोंबिवलीहून लोकलने सोबत जाणाऱ्या कुणीतरी सुचवलेलं असतं.

मी आहारतज्ज्ञ आहे. आठवड्यातले काही दिवस ठाण्यात नौपाड्याकडच्या एका मधुमेह क्लिनिकमध्ये बसते, बाकीचे कल्याण आणि डोंबिवलीत. या दारातल्या प्रश्नाला मी कधी उडवून लावलं नाही, कारण तो भीतीतून येतो. विचारणाऱ्याने वडिलांचा अंगठा कापलेला पाहिलेला असतो, सासूबाईंना डायलिसिसला नेऊन बसवलेलं असतं. साखर वाढली की आत काहीतरी खराब होत जातं, हे त्याला कळलेलं असतं. ते खराब होणं थांबवणारं काही असेल तर हवं आहे, एवढंच त्याचं म्हणणं असतं. प्रश्न अगदी बरोबर आहे. जगातल्या मोठ्या प्रयोगशाळांनी पन्नास वर्षं याच प्रश्नावर काम केलं आहे.

आत नेमकं काय होतं, ते मी भाकरीवरून सांगते. भाकरी तव्यावरून विस्तवावर टाकली की तिच्यावर तांबूस डाग पडतात, खरपूस वास सुटतो. धान्यातली साखर आणि प्रथिनं उष्णतेने एकमेकांना चिकटतात, म्हणून हे घडतं. फ्रेंच रसायनतज्ज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये ही क्रिया मांडली. तीच क्रिया आपल्या अंगात ३७ अंशांवर, अतिशय संथपणे, जन्मभर चालू असते. रक्तात साखर जास्त असेल तर ती वेग धरते. साखर आधी प्रथिनाला सैल चिकटते, मग त्या जोडीत बदल होत होत कायमचे गुंते तयार होतात. वैद्यकात त्यांना ग्लायकेशनची अंतिम उत्पादनं म्हणतात.

दर तीन महिन्यांनी जो एचबीए१सी करायला सांगतात तो याच चिकटण्याचा हिशेब आहे. तेहरानमध्ये सॅम्युअल राहबार यांना १९६८ च्या सुमारास मधुमेहींच्या रक्तात एक वेगळं हिमोग्लोबिन दिसलं. पुढे १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या अँथनी सेरामी यांच्या गटाने दाखवलं की साखर आटोक्यात आली की हे साखर चिकटलेलं हिमोग्लोबिनही कमी होतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा. पेशी मोडली की तिच्यावरचा डागही गेला. पण डोळ्याच्या भिंगातली प्रथिनं आपण जन्मलो तेव्हापासूनची असतात, ती बदलली जात नाहीत. सांध्यांभोवतीचं, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतलं, त्वचेतलं कोलॅजन वर्षानुवर्षं टिकतं. तिथे पडलेला डाग तिथेच राहतो.

हे शब्दांत सांगून पटत नाही, म्हणून मी रुग्णाला नमस्कार करून दाखवायला सांगते. लोक हसतात, हात जोडतात. ज्यांचा मधुमेह जुना आणि दुर्लक्षित आहे त्यांतल्या काहींचे तळवे आणि बोटं एकमेकांना पूर्ण टेकतच नाहीत, मध्ये फट राहते. बोटांच्या सांध्यांभोवतीचं कोलॅजन आखडलेलं असतं. कल्याणच्या एक मावशी रोज देवापुढे हात जोडत होत्या आणि ती फट त्यांच्या कधी लक्षात आली नव्हती. त्या दिवशी त्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. खांदा आखडणं हेही त्याच घरातलं दुखणं, आणि आमच्याकडे ते फार दिसतं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण आमच्या भागात ती वारंवार अडते. एचबीए१सी तांबड्या पेशींवर अवलंबून असल्याने पेशींचंच काही वेगळं असेल तर आकडा फसवू शकतो. कल्याणला लागून उल्हासनगर आहे, आणि सिंधी समाजात थॅलेसेमियाचं वाहकत्व बरंच आढळतं. शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी रुग्णांत सिकल सेल असू शकतो. बायकांत लोहाची कमतरता तर घरोघरी. घरच्या मशीनवरची साखर आणि हा आकडा यांचा मेळ बसत नसेल तर रुग्णाला "तुम्ही पथ्य पाळत नाही" म्हणायच्या आधी रक्ताची पूर्ण तपासणी बघावी, असं माझं ठाम मत झालं आहे.

आता डब्यांकडे. त्यांच्यावर लिहिलेलं सगळं खोटं नसतं, आणि म्हणूनच उत्तर देणं अवघड जातं.

बेनफोटियामिनचंच बघा. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंडाच्या गाळण्या आणि नसा यांच्या पेशींना बाहेर साखर वाढली तरी ती आत येण्यापासून अडवता येत नाही. इतर बऱ्याच पेशी अडवू शकतात. म्हणून मधुमेहाचा मार या तीन जागी बसतो. आत तुंबलेली साखर आडवाटांनी जाते आणि जाता जाता नुकसान करते. न्यूयॉर्कच्या मायकेल ब्राऊनली यांनी २००१ मध्ये या आडवाटांची एकत्र मांडणी केली. ती तुंबलेली साखर निरुपद्रवी वाटेने वळवणारं एक विकर आपल्याकडे असतं आणि त्याला काम करायला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, लागतं. २००३ मध्ये ब्राऊनली यांच्या गटाने मधुमेही उंदरांना बेनफोटियामिन, म्हणजे पेशीत सहज शिरणारं थायमिनचं रूप, दिलं आणि त्यांच्या डोळ्यांचे पडदे बिघडले नाहीत. इंग्लंडमधल्या पॉल थॉर्नली यांनी २००७ मध्ये दाखवलं की मधुमेहींच्या रक्तद्रवात थायमिन खूपच कमी असतं, कारण त्यांची मूत्रपिंडं ते लघवीतून बाहेर टाकतात. मग लाहोरच्या रुग्णालयात टाईप २ च्या रुग्णांना तीन महिने रोज ३०० मिलिग्रॅम थायमिन दिलं आणि लघवीतून जाणारं अल्ब्युमिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या इजेची खूण असलेलं प्रथिन, कमी झालं. २००९ मध्ये हे छापून आलं तेव्हा मलाही वाटलं होतं की वाट सापडली. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समध्ये मूत्रपिंडाला इजा झालेल्या मधुमेहींना बारा आठवडे बेनफोटियामिन दिलं, आणि अल्ब्युमिनवर काही परिणाम दिसला नाही.

मी रुग्णाला हे दोन्ही सांगते. उंदरांचं सांगते, लाहोरचं सांगते, नेदरलँड्सचंही सांगते. त्याला अर्धवट माहिती देऊन परत पाठवायचा मला अधिकार नाही.

थायमिनवरून आठवलं. आमच्याकडे मालवण-रत्नागिरीकडून आलेली पुष्कळ घरं आहेत आणि त्यांच्या आज्या अजून उकड्या तांदळाची पेज मागतात. भात कांडण्याआधी उकडला की टरफलाखालचं थायमिन दाण्यात मुरतं आणि पॉलिश करताना सगळं निघून जात नाही. नव्या सुना पांढराशुभ्र, सुटा शिजणारा तांदूळ आणतात. मी आजींच्या बाजूने बोलते. उकड्या तांदळाने डोळे वाचतील असं मी म्हणत नाही, तोही भातच आहे आणि तो मोजूनच खायचा. पण मधुमेहीच्या अंगातून जे जीवनसत्त्व जास्त वाहून जातं ते त्याच्या ताटातूनही आपण काढून घ्यावं, हे काही बरं नाही.

अल्फा लिपोइक ॲसिडवर जर्मनीत डान झिगलर यांनी वर्षानुवर्षं काम केलं. २००६ मध्ये आलेल्या एका चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम गोळीने पाच आठवड्यांत पायांची आग, टोचणं, दुखणं कमी झालं. त्याहून मोठ्या मात्रेने फायदा वाढला नाही, मळमळ मात्र वाढली. नंतरच्या चार वर्षांच्या मोठ्या चाचणीत ठरवलेलं मुख्य मोजमाप सुधारलं नाही, काही दुय्यम मोजमापं तेवढी सुधारली. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिली असेल आणि त्या माणसाची झोप त्यामुळे परत आली असेल तर मी ती गोळी बंद करा म्हणत नाही. "याने नस नवी होते" असं कुणी सांगत असेल तर मात्र थांबवते.

हळदीबद्दल बोलताना मला जपून बोलावं लागतं, कारण हळद ही आपल्याकडे नुसती वस्तू नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मधुमेही उंदरांना आहारातून हळद आणि कर्क्युमिन दिल्यावर त्यांना मोतीबिंदू उशिरा झाला. २००५ चं हे काम आहे. आवळ्याबद्दलही त्याच संस्थेचं तसंच काम आहे. या गोष्टींचा मला मनापासून अभिमान आहे. पण कर्क्युमिन पोटातून फारच थोडं शोषलं जातं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये १९९८ मध्ये दिसलं की सोबत मिऱ्यातलं पिपेरिन दिलं तर माणसाच्या रक्तात ते कितीतरी पटींनी जास्त उतरतं. डबेवाल्या कंपन्यांनी नेमका हाच धागा उचलला. आता बाजारातल्या बऱ्याच हळदीच्या कॅप्सूलांत मिऱ्याचा अर्क असतो. जे आतड्यातून शोषायला अडखळत होतं ते आता जोराने आत जातं, आणि ज्या यकृताला ते निपटायचं आहे ते तेवढंच राहतं.

ठाण्यात येणाऱ्या एका शिक्षिकेचा एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या इजेचा आकडा, एकदम वाढला होता. कावीळ नव्हती, दारूचा प्रश्नच नव्हता. घरात काय काय घेता ते सगळं पिशवीत घालून आणा, असं मी सांगितलं. पिशवीतून हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल निघाल्या, गुळवेलीचा रस निघाला आणि घटकांची नावंच नसलेली एक पुडी निघाली. डॉक्टरांनी तिन्ही बंद केली आणि काही आठवड्यांत आकडा खाली आला. त्यातलं दोषी कोण ते कळायला मार्ग नव्हता. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याचे काही रुग्ण मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. मी त्या वादात पडत नाही. मी रुग्णाला इतकंच विचारते की डॉक्टरांना हे घेत असल्याचं सांगितलंत का. उत्तर जवळजवळ नेहमी नाही असं येतं. "ते काही औषध नाही ना, म्हणून नाही सांगितलं." पिशवी आणायला सांगण्याची सवय मला तेव्हापासून लागली.

आवळ्याचंही एक सांगायला हवं. थंडीत कल्याणच्या बाजारात आवळ्याचे ढीग लागतात, आणि मी म्हणते खा, किसून खा, मीठ लावून खा, चटणीत घाला. पण मोरावळा! घरोघरी बरण्या भरलेल्या असतात आणि "मॅडम, आवळा रोज घेते" असं सांगताना तो साखरेच्या पाकातला आहे हे बोलणारीच्या मनातही नसतं.

मेथीला माझ्या मनात वेगळी जागा आहे. तिने ग्लायकेशन थांबतं असा माझा दावा नाही, पण तिच्यातला बुळबुळीत तंतू जेवणानंतर साखर रक्तात चढण्याचा वेग कमी करतो, आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने माणसांवर प्रयोग करून ते दाखवलं आहे. तिथे रोज २५ ग्रॅम मेथीपूड दिली होती. आपल्याकडे रात्री चिमूटभर मेथ्या भिजत घालून सकाळी पाणी पितात आणि दाणे टाकून देतात. तंतू दाण्यात असतो, तोच गेला. म्हणून मी दाणे चावून खा म्हणते, भाकरीच्या पिठात पूड मिसळा म्हणते, थोडी थोडी वाढवत जा म्हणते, नाहीतर पोट बिघडतं. जांभळाच्या हंगामात स्टेशनाबाहेर मुरबाड-शहापूरकडच्या बायका पानावर जांभळं मांडून बसतात. ती जरूर घ्यावीत, त्या बायकांकडूनच घ्यावीत. जांभळाच्या पानांचा काढा मात्र ब्राझीलमध्ये नीट चाचणी करून पाहिला गेला आणि त्याने साखर कमी झाली नाही.

आपल्या महाराष्ट्रातही या विषयावर चांगलं काम चालू आहे आणि ते लोकांपर्यंत पोचत नाही याची मला खंत वाटते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत महेश कुलकर्णी यांचा गट साखर चिकटलेल्या प्रथिनांचाच अभ्यास करतो. रक्तातलं अल्ब्युमिन कमी असलेल्या मधुमेहींत इतर प्रथिनांना आणि हिमोग्लोबिनला साखर जास्त चिकटलेली असते, हे त्यांनी दाखवलं. अल्ब्युमिन स्वतः पुढे होऊन मार खातं, असं म्हणता येईल. पुणे विद्यापीठातल्या सरोज घासकडबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर सहा महिने रोज ५०० मिलिग्रॅम ग्लुटाथायोन दिलं. २०२२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. डीएनएला होणारी इजा मोजणारा एक निर्देशांक खाली आला आणि पंचावन्नच्या पुढच्या रुग्णांत एचबीए१सीही काहीसा उतरला. ग्लुटाथायोन आपल्या पेशी स्वतः तयार करतात आणि मधुमेहात ते कमी पडतं. बाजारात ते गोरं करणारी गोळी म्हणून विकलं जातं, त्याच्या खऱ्या कामाबद्दल कुणी विचारत नाही. एका अभ्यासावरून मी ते कुणाला सुचवत नाही. पण आपल्याच रुग्णांवर, आपल्याच जेवणावर असलेल्या माणसांवर असे प्रयोग व्हावेत, मोठे व्हावेत, असं मला फार वाटतं.

हे सगळं तोलायला माझ्याकडे एक मोजमाप आहे. १९९३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ टाईप १ रुग्णांच्या अभ्यासाचा निकाल आला. साखर काटेकोर ठेवली, एचबीए१सी ९ च्या जागी ७ च्या आसपास आणला, तर ज्यांच्या डोळ्यांत आधी काही नव्हतं त्यांच्यात डोळ्यांचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. टाईप २ साठी ब्रिटनचा मोठा अभ्यास १९९८ मध्ये आला. तिथे सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका २५ टक्क्यांनी उतरला, आणि रक्तदाब नीट ठेवल्याचा फायदा त्याहून वेगळा. कुठल्याही डब्याने माणसात असं काही करून दाखवलेलं नाही. डब्याच्या महिन्याच्या पैशांत साखर तपासायच्या पट्ट्या येतात, वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याची तपासणी होते, लघवीतलं अल्ब्युमिन बघता येतं. मी कागदावर दोन्ही बाजूंचा खर्च मांडून दाखवते. त्याने पुष्कळांचं मत बदलतं.

आणि तरीही एक पोषकद्रव्य असं आहे, ज्यासाठी मी स्वतःहून आग्रह धरते. त्याचा साखर चिकटण्याशी थेट संबंध नाही, पण त्याच्या अभावाने होणारं नुकसान आमच्याकडे सर्रास साखरेच्या नावावर जमा होतं.

डोंबिवली पूर्वेला राहणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका. पिढ्यानपिढ्या शाकाहारी, चहापुरतं दूध. दहाहून जास्त वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू. रात्री पायांची आग इतकी व्हायची की ते उठून थंड लादीवर पाय टेकून बसायचे. चालताना पायातली चप्पल निसटलेली कळायची नाही. घरच्यांनी धरून चाललं होतं की शुगरने नसा गेल्या. तीन वेगवेगळे डबे चालू होते, त्यांतला एक स्पिरुलिनाचा, "त्यात बी-१२ असतं" म्हणून. त्यांचा एचबीए१सी मात्र तसा वाईट नव्हता, आणि तेच मला खटकलं. एवढी बऱ्यापैकी साखर ठेवणाऱ्या माणसाच्या पायांची ही अवस्था का? डॉक्टरांशी बोलून बी-१२ ची तपासणी केली. पातळी फारच खाली होती.

मेटफॉर्मिन हे उत्तम औषध आहे आणि हे वाचून कुणी ते बंद करू नये. पण लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून बी-१२ शोषलं जाण्यात त्याचा अडथळा होतो. नेदरलँड्समध्ये चार वर्षांहून जास्त काळ चाललेल्या अभ्यासात मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ सरासरी १९ टक्क्यांनी घसरलं होतं, आणि ती दूध-चीज-मांस खाणारी माणसं होती. आपण मुळात कुठे उभे आहोत? पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या चित्तरंजन याज्ञिक यांनी २००६ मध्ये खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांची तपासणी मांडली. ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी होतं, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. डोंबिवली म्हणजे हाच मध्यमवर्ग. त्यात सकाळी चहाआधी पॅन्टोप्राझोल घेण्याची सवय, स्टेशनवरचा वडापाव आणि रात्री साडेनऊला घरी पोचून दहाला जेवण यातून आलेली. पोटातलं आम्ल दाबलं की अन्नातलं बी-१२ मोकळं होणंही कमी होतं. तीन कारणं एकाच माणसात भेटतात आणि त्याच्या पायांना आग लागते.

स्पिरुलिनात जे असतं ते बी-१२ सारखं दिसणारं, पण माणसाच्या अंगाला बहुतांशी न चालणारं द्रव्य. भाजीपाल्यात, कडधान्यात बी-१२ नसतंच. आगरी-कोळी घरांतून येणाऱ्या रुग्णांत मला हा प्रश्न कमी दिसतो. बोंबील, मांदेली, सुकट त्यांना तारून नेते. शाकाहाऱ्याला दूध, दही, ताक एवढाच आधार. पुण्यातल्याच एका प्रयोगात शाकाहारी तरुणांना नियमित दूध दिल्यावर त्यांचं बी-१२ वाढलेलं दिसलं. पण पातळी तळाला गेलेल्या, मेटफॉर्मिनवरच्या माणसाला ताकाने भरून निघत नाही. त्याला इंजेक्शनं किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्या लागतात आणि ते डॉक्टरांनी ठरवायचं असतं.

काकांना इंजेक्शनं सुरू झाली. काही महिन्यांनी आग बरीच कमी झाली, रात्रीची झोप लागायला लागली, चाल स्थिर झाली. तळव्यांचा बधिरपणा थोडा राहिला. तो किती साखरेचा आणि किती बी-१२ चा हे आता कुणी सांगू शकणार नाही, आणि लवकर तपासणी झाली असती तर किती वाचलं असतं हेही नाही. काकूंनी मला विचारलं, "एवढी वर्षं कुणी हे का बघितलं नाही हो?" मला त्यांच्याकडे बघून उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर ज्या ज्या क्लिनिकमध्ये मी बसते तिथे मेटफॉर्मिनवर असलेल्या प्रत्येकाच्या फाईलवर बी-१२ ची शेवटची तारीख लिहायला सुरुवात केली. एक अडचण लगेच पुढे आली. केमिस्टकडून लोक आपणहून "नसांची गोळी" आणतात. तिच्यात मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२ चंच एक रूप, थायमिन, लिपोइक ॲसिड असं सगळं एकत्र असतं. ती काही दिवस खाऊन मग तपासणी केली की रक्तातला आकडा फुगलेला येतो, नसांची भूक भागलेली नसते आणि सगळं ठीक आहे असा समज होतो. म्हणून मी सांगते, आधी रक्त द्या, मग गोळी.

खाण्यातल्या ग्लायकेशनबद्दलही आता विचारणा होते, कारण २०२४ मध्ये चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनचा अभ्यास वर्तमानपत्रांत आला होता. जास्त वजनाच्या, पण मधुमेह नसलेल्या ३८ जणांना बारा आठवडे दोन प्रकारचा आहार दिला. एकात तळलेलं, भाजलेलं, खरपूस जास्त, दुसऱ्यात उकडलेलं, वाफवलेलं. वाफवलेल्या आहारावर इन्शुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला. अभ्यास लहान आहे, पण मला तो आवडला, कारण त्यात विकत घ्यायचं काहीच नाही. आपल्याकडे वाफवण्याची परंपरा काही कमी नाही. कोथिंबीर वडी आणि अळूवडी आपण आधी वाफवतोच, मग तळतो. दुसरी पायरी सोडून द्या, वरून फोडणी घाला, एवढंच मी सांगते. पानगी, सांदण, मुगाचे ढोकळे, वाफवलेले मुठे.

पण डोंबिवलीत या सगळ्या सूचना अडतात त्या वेळेपाशी. सकाळी सातची लोकल पकडणारी बाई रात्री घरी येऊन अळूवडी वाफवणार नाही. आमच्याकडे कितीतरी घरांचं रात्रीचं जेवण पोळीभाजी केंद्रातून येतं. म्हणून मी माझ्या घराजवळच्या केंद्राच्या ताईंकडे गेले. बटाट्याच्या भाजीशेजारी रोज एक मोडाची उसळ ठेवा, तिच्यात गूळ घालू नका, तेल कमी टाका, असं म्हटलं. "खपणार नाही हो ताई," त्या म्हणाल्या. मी माझ्या रुग्णांना तिथे पाठवायला लागले. आता तिथे मटकी, मूग, कुळीथ आलटून पालटून असतात आणि संध्याकाळी उशिरा गेलं तर संपलेले असतात. दोन पोळ्या आणि वाटीभर उसळ घेऊन जाणारा माणूस रात्री दहालाच जेवेल, पण चार पोळ्या आणि बटाटा खाणार नाही. त्याची सकाळची उपाशीपोटीची साखर मला फाईलमध्ये दिसते.

२०२३ मध्ये आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासाने भारतात मधुमेहाचे १० कोटी १० लाख रुग्ण असल्याचं सांगितलं. त्यांतल्या फार मोठ्या संख्येला मेटफॉर्मिन मिळतं, सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांतून अनेकांना ते फुकट मिळतं, आणि ते तसंच मिळत राहायला हवं. माझी मागणी अशी आहे की जिथे मेटफॉर्मिन फुकट मिळतं तिथे काही वर्षं ते घेतलेल्या माणसाची बी-१२ तपासणीही फुकट व्हावी, आणि पाय जळतात म्हणणाऱ्याची तर त्याच आठवड्यात व्हावी. ही मागणी मी भेटेल त्या डॉक्टरांपुढे, नगरसेवकांपुढे, आरोग्य शिबिरांच्या आयोजकांपुढे मांडते. शिबिरात साखर आणि रक्तदाब मोजून वर पावडरीचा नमुना वाटण्याऐवजी तो खर्च या तपासणीवर करा, असं मी मागच्या शिबिराच्या आयोजकांना लेखी दिलं आहे. त्यांनी पुढच्या वेळी चाळीस वर्षांवरच्या मेटफॉर्मिन घेणाऱ्यांसाठी ती ठेवायचं कबूल केलं आहे, आणि कुणाला बोलवायचं त्यांची यादी मी करायला घेतली आहे.